चुका मोजणाऱ्या वन्सं

आमच्या घरात दुसऱ्याच्या चुका मोजायचं काम मुळात सासूबाईंचं. त्यांनी ते आयुष्यभर मन लावून केलं, पण त्याचा पगार त्यांना कुणी दिला नाही. पगार मिळाला तो त्यांच्या लेकीला, म्हणजे माझ्या नणंदेला. वन्संची नोकरीच ती होती. खेळाडूला अनवाणी उभं करायचं, कमरेवर हात ठेवायला लावायचे, डोळे मिटायला सांगायचं आणि वीस सेकंदांत तो किती वेळा चुकतो ते मोजायचं. हात कमरेवरून सुटला, एक चूक. डोळा उघडला, एक चूक. टाच उचलली, पाय टेकला, कंबर झुलली, प्रत्येकाची एक. आधी दोन्ही पाय जुळवून, मग एका पायावर, मग एका पावलाच्या मागं दुसरं पाऊल चिकटवून. हे सगळं एकदा साध्या फरशीवर आणि एकदा फोमच्या जाड गादीवर. म्हणजे सहा वेळा वीस सेकंदं.

त्यांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, यात एवढं काय, कुणीही उभं राहील. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही राहा, मग बोलू." मी राहिले. सहाव्या सेकंदाला कपाटाला मिठी मारली आणि कपाटावरचा बटणांचा डबा खाली आला. वन्संनी हवेतच लिहिल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "डबा धरून चार."

हे कशासाठी, तर डोक्याला मार लागला की मेंदूला हादरा बसतो. हाड मोडलं तर दिसतं, रक्त आलं तर दिसतं, हादरा काही दिसत नाही. खेळाडूला विचारावं, डोकं दुखतंय का, उजेड सोसत नाही का, झोप लागते का, तर तो सगळ्याला नाही म्हणणार, कारण त्याला परत मैदानात जायचं असतं. जीभ लपवते पण पाय सांगून टाकतो, असा वन्संचा विश्वास. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला सगळे धडधाकट असताना एकदा मोजून ठेवायचं. पुढं कुणाच्या डोक्याला लागलं की पुन्हा मोजायचं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघायचं. चुका वाढलेल्या असल्या तर बाकावर बसा. पहिल्याइतक्याच असल्या तर वन्सं सही करणार, मग डॉक्टर सही करणार, मग खेळा.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी वीस वर्षांची आणि वन्सं अकराच्या. दोन वेण्या, गुडघ्याला कायम खपली. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हिला वन्सं म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं. त्यामुळे "वन्सं, नाक पुसा" असं मी त्या एवढ्याशा मुलीला म्हणत असे. जिभेला जे वळण लागलं ते लागलंच. त्यांचं लग्न झालं नाही. का झालं नाही हे विचारायचं नाही असं घरात ठरलं होतं, आणि तो ठराव सगळ्यात जास्त वेळा मीच मोडला. दर वेळी त्या म्हणत, "राहून गेलं." जणू दुकानातून मीठ आणायचं राहून गेलं.

आधी त्या हॉस्पिटलात होत्या, रोग्यांकडून व्यायाम करवून घ्यायच्या. मग मैदानावर लागल्या. पहिली काही वर्षं खेळाडूंचे घोटे बांधण्यात गेली. मग तिथल्या जुन्या डॉक्टरांनी त्यांना ही तोलाची तपासणी शिकवली. या बाईची नजर ढळत नाही, असं ते म्हणत. त्यांची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. छत तिरकं, खिडकी उंचावर आणि वहीएवढी. सामना असला की वर हजार माणसं पाय आपटत आणि खाली वन्संच्या टेबलावर चुन्याची भुकटी पडत राही. इतकी वर्षं मैदानावर काढून त्यांनी एकही सामना धड पाहिला नाही. कुठल्या बाजूनं गोल केला हे त्यांना डोक्यावरच्या पायांवरून कळे.

खेळाडू त्यांना चुकबाई म्हणत. पोरं बिलंदर. हंगामाच्या सुरुवातीलाच मुद्दाम धडपडायची, म्हणजे पुढं लागलं तरी त्या मानानं आकडा बरा दिसावा. वन्संना ते कळे. त्या म्हणत, खरा तोल जातो तेव्हा माणूस आधी पायाची बोटं आवळतो. सोंग करणारा आधी हात उडवतो. सोंग करणाऱ्याला त्या बोलत काही नसत. पाणी पिऊन या, परत करू, एवढंच. चौथ्यांदा पाणी पिऊन आलं की पोरगं झाडासारखं सरळ उभं राही. खेळून दमून आलेल्यालाही त्या लगेच उभं करत नसत. दमलेला पायसुद्धा हादरा बसल्यासारखाच चुकतो, म्हणून आधी वीस मिनिटं बसवून ठेवत, आणि तेवढा वेळ कोच दाराबाहेर येरझाऱ्या घालत तोंडातल्या तोंडात काहीबाही म्हणत असे.

तिथल्या कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कुणी बसत नसे. राग म्हणून नाही. चुकबाईशेजारी कुणी दिसलं, की कोच लांबूनच विचारणार, काय गं, डोकं दुखतंय का? मग कोण बसतंय. चार खुर्च्यांच्या टेबलाशी वन्सं एकट्या जेवत. एकदा एक नवीन मुलगी ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली, तर तिच्या मैत्रिणींनी खाणाखुणा करून तिला उठवून नेलं. वन्संनी मला ते हसत सांगितलं. मीही पोट धरून हसले. मग त्या जिना चढून वर गेल्या आणि मी भांडी घासताना मला वाटलं, हसायला नको होतं.

वर म्हणजे आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर. माझे मालक गेल्यावर आणि मुलाचा संसार वाढल्यावर त्यांनी तिथं एक खोली घेतली. पलंग, टेबल, दिवा आणि एकच खुर्ची. दुसरी का घेत नाही म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "दोन घेतल्या तर एक रिकामी दिसते."

पुढं जुने डॉक्टर गेले आणि तरुण डॉक्टर आला. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्याला प्रत्येक गोष्टीचं मोजमाप लागे. त्यानं एका खेळाडूच्या तपासणीची फिल्म काढली आणि वन्संना ती बघून चुका मोजायला सांगितल्या. वन्संनी अकरा मोजल्या. दहा-बारा दिवसांनी त्यानं दुसऱ्या फिल्म्समध्ये मिसळून तीच फिल्म परत दाखवली. या वेळी वन्संनी आठ मोजल्या.

त्या दिवशी घरी आल्या त्या जिन्याच्या चौथ्या पायरीवरच बसल्या. वर गेल्या नाहीत, आत आल्या नाहीत. मी तिथंच चहा नेऊन दिला. म्हणाल्या, "तोच मुलगा, तीच वीस सेकंदं आणि मीही तीच. मग तीन चुका गेल्या कुठं, वहिनी?"

मी म्हटलं, तीनच तर आहेत. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बशी उचलून आत गेले. तीन चुकांवर त्यांनी माणसं बसवली होती आणि तीन चुकांवर सोडली होती, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं. डॉक्टर त्यांना म्हणाला होता, तुमचा दोष नाही, सगळ्यांचं असंच होतं, दोन माणसं मोजतात तेव्हा तर याहून फरक पडतो. त्यानं त्यांना धीर यावा म्हणून सांगितलं, पण त्यांचा उरलासुरला धीर त्यानंच गेला. महिनाभर त्या अन्न चिवडत होत्या. मग एक दिवस त्यांनी स्वतःच नवीन वही केली. आता त्या नुसता आकडा लिहीत नव्हत्या. फरशीवर किती, गादीवर किती, कुठल्या पायावर, कितव्या सेकंदाला काय झालं, सगळं वेगळं लिहायच्या. डॉक्टर म्हणाला, एवढं कुणी मागितलेलं नाही. त्या म्हणाल्या, मला लागतं.

आता आमच्या नातीचं सांगते, म्हणजे माझ्या मुलाच्या मुलीचं. तिला घरात सगळे खार म्हणतात. चालत कधी आलीच नाही, पळत येणार आणि पळत जाणार. फुटबॉलचं वेड तिला लहानपणापासून, आणि ते वन्संमुळेच. सुट्टीत वन्सं तिला कामावर न्यायच्या. वरच्या खोलीचा जिना रोज चढणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे खार. ती पलंगावर मांडी घालून बसायची आणि वन्सं खुर्चीवर, म्हणजे खुर्ची एक असूनही अडत नसे. मला दम लागतो, सुनेला नोकरी, मुलाला वेळ नाही. वन्संच्या दारावर टकटक न करता आत जाणारी ती एकटी. ती शाळेतून यायच्या वेळेला वन्संच्या खोलीचं दार आधीच उघडं असायचं.

खार सतरा वर्षांची असताना सरावात चेंडूला डोकं लावायला उडाली आणि दुसऱ्या मुलीचं डोकं तिच्या कानशिलावर आदळलं. शुद्ध गेली नाही. उठली, दोन पावलं भलत्याच दिशेला गेली आणि हसली. कोचनं तिला लगेच बाहेर काढलं, त्याचंही श्रेय त्याला द्यायला हवं. दुसऱ्या दिवशी वन्संनी तपासणी केली. हंगामाच्या सुरुवातीचा तिचा आकडा बारा होता, फरशीवर तीन आणि गादीवर नऊ. आता एकोणीस झाला. फरशीवर सहा, गादीवर तेरा. बाकावर बसा.

बसायचं कधी, तर पुढच्या रविवारच्या सामन्याला मोठ्या संघात घेणारी माणसं बघायला येणार होती. मध्ये आठ दिवस होते. खार आठ दिवस घरात कोंडलेल्या मांजरीसारखी फिरत होती. वन्संनी सांगितलं होतं, अभ्यास नको, फोन नको, पडून राहा, शुक्रवारी परत बघू. आणि मी काय केलं ते आता लिहायलाच हवं, कारण बाकी सगळं त्यावरून झालं.

सोमवारी दुपारी खार स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, आजी, माझ्या पायांचा व्यायाम घेतेस का? मला वाटलं बरी व्हायची धडपड आहे. तिनं माझी जाड उशी आणून जमिनीवर टाकली, वर एका पायावर उभी राहिली, डोळे मिटले. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वीस मोजायचे आणि ती हलली की जीभ टाळ्याला लावून टक्‌ करायचं. मी चौथीत शाळा सोडली, पण वीसपर्यंत मला चांगलं येतं. पहिल्या दिवशी टक्‌ टक्‌ करून माझं तोंड दुखलं. बुधवारी निम्मंसुद्धा राहिलं नाही. गुरुवारी ती पुतळ्यासारखी उभी राहिली आणि मला कोण आनंद झाला. तिला मिठीच मारली. "आत्याआजीला सांगू नकोस हं," ती म्हणाली, "सरप्राइज आहे." मी तोंडाला कुलूप लावलं. घरातलं एखादं गुपित माझ्या वाट्याला यायचं म्हणजे मला मिरवल्यासारखंच.

आणि त्याच आठवड्यात मी हेही बघत होते, की ती खिडकीचा पडदा ओढून घेते. जिना उतरताना भिंतीला हात लावते. चहात साखर घालते, चमचा ठेवते आणि परत साखर घालते. मी बघितलं आणि नजरेआड केलं. बरी होत्येय, मी स्वतःला सांगितलं, उशीवर बघ ना कशी उभी राहते.

शुक्रवारी वन्संनी तपासणी केली. नऊ चुका. हंगामाच्या सुरुवातीला बारा होत्या, म्हणजे आधीपेक्षाही बरी. कोच हातात पेन घेऊनच आला होता. वन्संनी त्याला सांगितलं, कागद उद्या सकाळी देते. तो म्हणाला, ताई, आकडा समोर आहे, उद्या काय तो बदलणार आहे का?  वन्सं कागद पिशवीत घालून घरी आल्या.

खार तेव्हा मैत्रिणीकडे गेली होती. मी एकटी भाजी निवडत होते. वन्संनी स्टूल ओढलं, कागद माझ्यासमोर टेबलावर ठेवला, त्यावर बोट ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "वहिनी, घरातली कुठली उशी चपटी झालीय?"

माझ्या हातातली भाजी हातातच राहिली.

मग त्यांनी मला समजावलं, आणि ते इतकं सोपं होतं की मलाही कळलं. मऊ गादीवर उभं राहणं अवघड, म्हणून सगळ्या माणसांच्या चुका गादीवर जास्त होतात आणि फरशीवर कमी. खारीच्या कागदावर उलटं होतं. गादीवर तेराच्या तीन झाल्या होत्या. फरशीवर मात्र सहाच्या सहाच. मार लागल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवढ्या होत्या तेवढ्याच. "डोकं बरं झालं असतं तर दोन्हीकडे बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "फक्त मऊ जागेवर बरं झालंय. म्हणजे मऊ जागेवर कुणीतरी घोकंपट्टी करून घेतलीय."

मी सगळं सांगून टाकलं. उशी, घड्याळ, टक्‌ टक्‌. पडद्याचं आणि साखरेचंही सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील. त्यांच्या आईची मुलगी आहे, चिडायला हवं होतं. त्यांनी नुसतं विचारलं, गुरुवारी एका पायावर किती वेळ टिकली? मी म्हटलं, पूर्ण वीस. त्यांनी मान हलवली, एखाद्याचं काम चांगलं झालं की हलवतात तशी.

मग म्हणाल्या, उद्या डॉक्टरांपुढं हे सांगावं लागेल, तुम्ही याल का? मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे दुखतात ते खरं, पण त्या दिवशी दुखत नव्हते. खारीनं माझ्याकडे कसं बघितलं असतं, याची मला भीती वाटली.  वन्सं म्हणाल्या, "राहू दे. तुमचं नाव मी घेणार नाही. तिला घरात बोलायला कुणीतरी एक लागेल."

एवढं बोलून त्या वर गेल्या. मी ती भाजी दोनदा धुतली.

शनिवारी काय झालं ते मला थोडं खारीकडून आणि थोडं, फार उशिरानं, वन्संकडून कळलं. त्यांनी डॉक्टर आणि कोच यांच्यासमोर कागद ठेवला आणि सांगितलं, माझी सही मिळणार नाही, हा आकडा खरा नाही, मुलीनं सराव केलाय. कुणी सांगितलं असं विचारलं, तर म्हणाल्या, कागदावरून दिसतं. कोच भडकला. तो म्हणाला, ताई, इतकी वर्षं तुम्ही आकडा दाखवून माझी पोरं बसवलीत. आज आकडा म्हणतो खेळू दे, तर म्हणता आकड्यावर विश्वास ठेवू नका. मग आधीच्यांचं काय?

यावर त्या गप्प राहू शकल्या असत्या. वन्सं म्हणाल्या, "आधीच्यांतही काही चुकले असतील. कुठले ते मला सांगता येणार नाही."

डॉक्टरनं पेन खिशात घातलं. मोजणाऱ्यालाच खात्री नसेल तर मी सही करत नाही, म्हणाला. खार तिथंच दाराशी उभी होती. ती वन्संना सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला दुसरं कुणी नाही ना, म्हणून मला घरात बसवून ठेवतेस." वन्सं कागदाची घडी घालत होत्या. ती घातली आणि विचारलं, हे बोलताना डोळे का बारीक केलेस, उजेड लागतो का? खार पाय आपटत निघून आली.

रविवारी सामना झाला. वन्सं त्या तिरक्या छताखाली होत्या, दुसऱ्या कुणाचा घोटा बांधत. खार माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, पडदा ओढून. तिला वाटत होतं मी तिच्या बाजूची आहे.

पुढं सात आठवडे तिचं डोकं दुखत राहिलं. आधी तिनं लपवलं, मग लपेना. दोन ओळी वाचल्या की अक्षरं हलायची. डॉक्टरनं माझ्या मुलाला सांगितलं, त्या रविवारी परत डोक्याला लागलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो. म्हणजे वन्संचं बरोबर होतं. ते सगळ्यांना कळलं आणि कुणी वर जाऊन सांगितलं नाही. मुलगा म्हणाला, सांगतो. सून म्हणाली, सांगायला हवं. खार बोलली नाही. वरचं दार शाळा सुटायच्या वेळेला बरेच दिवस उघडं असे. मग एक दिवस ते लावलेलं दिसलं.

मैदानावर डॉक्टरनं यंत्र मागवलं. लोखंडी पाट, त्यावर खेळाडू उभा राहिला की आपोआप आकडा येतो. त्यालाही सराव करून फसवता येईल, असं वन्सं मला म्हणाल्या, पण तिथं कुणाला म्हणाल्या नाहीत. त्यांना परत घोटे बांधायला दिलं. दोन वर्षांनी निवृत्त झाल्या. निरोपाला पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी त्यांच्या टेबलाशी तिघं बसले होते, असं सांगताना त्या हसल्या, आणि या वेळी मी हसले नाही.

खार बरी झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या गावच्या संघात लागली, तिथंच शिकते, तिथंच राहते. दर आठवड्याला मला फोन करते. बाबा कसा, आई कशी, तुझे गुडघे कसे, समोरच्यांचं कुत्रं कसं. कुत्र्यापर्यंत सगळं विचारते आणि थांबते. मी पुढचं सांगायला तोंड उघडते, तोवर म्हणते, चल ठेवते.

चार वर्षं मी हे चालू दिलं. वर वन्सं एकट्या, खाली मी त्यांच्या वाट्याचे फोन घेत बसलेली. परवा खारीचा फोन आला तेव्हा मी कुत्र्याच्या आधीच बोलले. म्हटलं, उशीचं आत्याआजीला मी सांगितलं. तिनं माझं नाव घेतलं नाही, मी घे म्हटलं नाही. तुला बसवलं ते खरं तर आम्ही दोघींनी, आणि शिव्या तिनं एकटीनं खाल्ल्या.  खार म्हणाली, "तू आत्ता कुठं आहेस?" मी म्हटलं, स्वयंपाकघरात. म्हणाली, "वर जा."

मी मध्ये दोनदा थांबत वर गेले. दार वाजवलं. वन्संनी मला असं अवेळी दारात बघून आधी विचारलं, कोण गेलं? मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी नाव वाचलं आणि फोन कानाला लावला.  वन्संनीच सुरुवात केली, आणि सुरुवात तरी काय.

"डोकं दुखतं?" त्यांनी विचारलं. पलीकडून काहीतरी आलं. "उजेड?" परत काहीतरी. "झोप लागते का?" त्याचंही उत्तर आलं, हे थोडं लांब होतं. ते ऐकताना वन्संनी मला पाठ केली आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग "बरं, बरं," म्हणाल्या आणि फोन मला परत दिला. तोवर तो बंद झालेला होता.

मी पलंगावर बसले, त्या खुर्चीवर. मी विचारलं, काय म्हणाली? त्या म्हणाल्या, सगळं नाही म्हणाली. दुखत नाही, उजेड सोसतो, झोप लागते. येते म्हणाली, दिवाळी नाही की काही नाही, नुसतंच येते म्हणाली. मला हायसं वाटलं. मी म्हटलं, मग झालं तर.

वन्सं खाली माझ्या पायांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "हे तिनं खरं सांगितलं, की मला बरं वाटावं म्हणून, ते फोनवर कसं कळणार, वहिनी?"

 खाली गॅसवर काही ठेवलेलं नव्हतं, तरी उठावंसं वाटलं. पण उठले नाही. अंधार पडायला आला तरी त्यांनी दिवा लावला नाही, आणि मीही लावा म्हटलं नाही.